मागच्या जिन्याकडची खिडकी

कलकत्त्याजवळच्या डमडमच्या सरकारी क्वार्टर्सचा नकाशा गुरुदत्तनं काढला तेव्हा त्याचं फार कौतुक झालं होतं. संडास साफ करणाऱ्या मेहतराला घरातून जावं लागू नये म्हणून मागच्या अंगाला लोखंडी गोल जिना, आणि तो जिना कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्या बाजूला एकही खिडकी नाही. बदलीवर आलेली मराठी कुटुंबं तर बेहद्द खूश झाली. सोवळं सांभाळायला आता सरकारच मदतीला आलं होतं!

त्याच जिन्यानं एका भरदुपारी चोर वर आला. बांगड्यांसाठी त्यानं तिथंच राहणाऱ्या गुरुदत्तच्या बायकोचा, प्रेमलताचा, गळा दाबला, आणि ती गेली.

चौदाव्या दिवशी गुरुदत्त कचेरीत गेला. टेबलावर दुसऱ्या इमारतीचा नकाशा होता, पहिल्याचीच नक्कल. त्याला रडू आलं नाही. दाढ काढल्यावर गाल होतो तसं आतून सगळं बधिर झालं होतं. त्यानं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक स्वयंपाकघराला जिन्याकडे उघडणारी खिडकी काढली. चार बायकांची नजर असली तर चोर चढेल कशाला?

साहेब म्हणाले, "आधी आताच्या क्वार्टर्समधल्या लोकांच्या सह्या आणा. नव्या इमारतीतही अशीच कुटुंबं येणार, मागाहून तक्रारी नकोत."

त्याचं स्वतःचं सोडून उरलेल्या अकरा घरांपैकी दहांनी नकार दिला. जेवताना मेहतर दिसणार म्हणजे काय! शेवटचं दार शेजारच्या शकुनवहिनींचं. त्यांनी कागद हातात घेतला.

"भावजी, त्या दिवशी तिची हाक मी ऐकली होती. पण सोवळ्यात होते. मागचं दार उघडलं तर विटाळ होईल, पुन्हा आंघोळ करावी लागेल, म्हणून थांबले."

गुरुदत्तला राग यायला हवा होता. तो आला नाही. "खिडकी असती तर दिसलं असतं," तो म्हणाला.

"खिडकी मी बंदच ठेवली असती हो," वहिनी म्हणाल्या, आणि रडत रडत त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती एकुलती एक सही पाहिली, मग नकाशा पाहिला. खिडक्यांना नुसती जाळी होती.

"झडपा काढायच्या राहिल्या तुमच्या."

"राहिल्या नाहीत. ठेवायच्याच नाहीत."

"अहो, पाऊस आत येईल."

"येऊ द्या," गुरुदत्त म्हणाला.

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मंजुरीचा शिक्का मारला.