दुसरी किल्ली

कुलूपवाल्याला फुकटचा नाश्ता भोवला. तसा तो फुकटावर टपलेला माणूस नव्हता. गिऱ्हाइकाने पाजलेला चहासुद्धा तो चारदा नको म्हणून मग प्यायचा. पण बायकोला फोन आला, तुमचा नंबर सोडतीत निघालाय, रविवारी दोघं हॉटेलात नाश्त्याला या, तीन रात्रींची सहल भेट मिळेल. बायकोने ठेवणीतले कपडे बाहेर काढले आणि विषय संपला.

नव्वद मिनिटं म्हणाले होते, चार तास बसवून ठेवलं. समोर बसलेल्या बाईचं नाव दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. नंतर घरात तिला सगळे हसरीच म्हणायला लागले.

"काका, एक खोली विकत घेतली की माणूस एकाच जागी अडकतो," हसरी म्हणाली. "आम्ही खोली देतच नाही, पॉइंट देतो. दर वर्षी तुमच्या खात्यात दहा हजार पॉइंट. समुद्रावर वापरा, डोंगरात वापरा. सुट्टीच्या दिवसांत जास्त लागतात, एरवी कमी. मोठ्या खोलीला जास्त, लहानीला कमी. यंदा उरले तर वेळेत कळवून पुढच्या वर्षात ढकला. कमी पडले तर पुढच्या वर्षातले आधी उचला."

"आणि आम्ही दर वर्षी काय भरायचं?"

"देखभालीचे थोडेसे."

"एखाद्या वर्षी नाही गेलो तर?"

"असं कसं, काका? काकू सोडतील का तुम्हाला?" हसरी बायकोकडे बघून म्हणाली. बायको लाजली, दोघी हसल्या, आणि प्रश्न तसाच टेबलावर पडून राहिला.

आता चूक कशी झाली ते ऐका. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. तीस वर्षांत कुलूपवाल्याने एकाच किल्लीचं कुलूप दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. दुसरी किल्ली तो पदरमोड करून घासून द्यायचा आणि विचारायचा, ही कुणाकडे ठेवणार? किल्ली हरवून स्वतःच्याच दारात ताटकळणारी माणसं त्याने इतकी पाहिली होती, की ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. त्यामुळे अर्जावर 'सहमालक' ही रिकामी जागा दिसली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"इथे लेकीचं नाव घाला," तो म्हणाला. "आमच्यानंतर तिला वापरता येईल."

हसरी इतका वेळ हसतच होती, पण आत्ता कुठे तिला खरंखुरं हसू आलं.

लेक दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्या फोनवर अर्ज गेला. "बाबा, मी हातमोजे घालून उभी आहे, काय करू पटकन सांगा," ती म्हणाली. "बोटाने सही कर, तुझ्यासाठीच आहे," बाप म्हणाला. अर्ध्या मिनिटात सही आली. विचार बदलला तर दहा दिवसांत लेखी कळवा, सगळं शेवटच्या पानावर आहे, असं हसरीने कागद आवरता आवरता एका दमात सांगितलं. भेटीच्या सहलीसाठी एकच तारीख शिल्लक होती, आठव्या दिवसापासूनची. इतक्या लवकर मिळाली म्हणून बायको खूश झाली.

जागा छान होती, खोटं कशाला बोला. पण कुलूपवाल्याचं लक्ष लागेना. तिथल्या दारांना किल्ल्याच नव्हत्या, कार्डं होती, आणि दार मागे लागलं की आवाज येत नसे. लागलंय की नाही हे त्याला दरवेळी ढकलून बघावं लागे.

दहाव्या दिवशी दुपारी शेजारच्या खोलीतल्या बाईच्या बॅगेचं आकड्यांचं कुलूप अडकलं. वय पस्तिशीचं, एकटीच आली होती. कुलूपवाल्याने कुलपाला कान लावून ते दोन मिनिटांत उघडून दिलं.

"दर वर्षी येता?" त्याने विचारलं.

"यावं लागतं. वडिलांनी घेतलं होतं, माझं नाव घालून. ते गेले, पॉइंट राहिले." ती बॅगेतले कपडे बाहेर काढत बोलत होती. "आलं नाही तर पॉइंट बुडतात, देखभालीची रक्कम बुडत नाही. ती दर वर्षी वाढते. वडिलांच्या वेळी जेवढ्या पॉइंटांत आठवडा मिळायचा तेवढ्यात आता चार दिवस मिळतात. पॉइंटांचा तक्ता कंपनीच्याच हातात असतो ना."

"मग सोडून द्या की."

"कुणाला देऊ? फुकट द्यायला काढलं तरी कुणी घेत नाही. करारात मुदतच नाही. माझ्यामागे माझ्या मुलाच्या गळ्यात." ती थांबली. "तुम्हाला घेऊन किती दिवस झाले?"

"आज दहावा."

तिने हातातले कपडे खाली ठेवले. "मग तुम्ही इथे काय करताय?"

तो खोलीत आला आणि त्याने सोबत आणलेल्या कराराचं शेवटचं पान उघडलं. रद्द करायचं तर कागदावर, शाईने, सर्व मालकांच्या सह्यांनिशी, दहाव्या दिवसापर्यंत टपालात टाकलेलं. आत यायला बोट पुरलं होतं. कुठलंही दार बसवताना ते आतून उघडतं ना, हे तो आधी बघायचा. इथे त्याने बघितलंच नव्हतं.

पावणेचार वाजले होते. खालच्या गावातलं टपाल कार्यालय पाचला बंद होत होतं. लेकीला सहा वेळा फोन लावला. दर वेळी तो बंदच लागला. आणि फोन लागला असता तरी तिची शाई पाचच्या आत इथवर कशी येणार होती?

"तिची सही तू कर," बायको म्हणाली.

"मालक समोर असल्याशिवाय मी कुणाचं कुलूप उघडलेलं नाही."

"कुणाचं म्हणजे? आपल्या पोरीचंच आहे ना?"

लेकीची सही त्याला पाठ होती. दहा वर्षांची असताना दुकानातल्या चिठ्ठ्यांवर तिने ती घोटली होती, शेवटचा फराटा बापाचाच उचललेला. कागदावर रद्द करण्याचा अर्ज लिहून आधी त्याने स्वतःची सही केली. मग मनगट टेबलाला टेकवून त्याने तिची केली, आणि ती हुबेहूब उतरली. पाचला दहा मिनिटं कमी असताना पावती हातात आली. घरी परतताना बायको गाडीत झोपली, पण त्याला झोप आली नाही. लेकीला सावकाश सांगू, असं दोघांनी ठरवलं, आणि सांगायचं राहून गेलं.

पाच आठवड्यांनी लेक सुट्टीला आली. त्याच सकाळी जाड पाकीट आलं. बाप हात पुढे करेपर्यंत तिने ते फोडलंसुद्धा. पाकिटावर सहमालक म्हणून तिचं नाव होतं, मग ती उघडणारच.

"'अर्जावरील सहमालकाची सही आमच्याकडील सहीशी जुळत नाही,'" तिने वाचलं. "'मुदत संपल्याने नवा अर्ज स्वीकारला जाणार नाही.' कसला अर्ज, बाबा?"

सोबत दोन्ही सह्यांच्या प्रती होत्या. एक हातमोजा घातलेल्या बोटाने फोनवर कशीबशी ओढलेली, गुंता झालेल्या दोऱ्यासारखी. तिच्याखाली शिक्का होता, मूळ सही. दुसरी शाईतली, फराट्यासकट.

लेकीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि शाईच्या सहीवर बोट टेकवलं. "पण माझी सही तर ही आहे," ती म्हणाली. "ही मी कधी केली?"

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच उभी राहिली.

पाकिटात अजून काहीतरी कडक लागत होतं. लेकीने ते उलटं करून झटकलं, तसं तिच्या नावाचं कार्ड टेबलावर पडलं. पहिल्या वर्षाचे दहा हजार पॉइंट जमा झाले होते. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा," तिने विचारलं, "हे किती वर्षांसाठी आहे?"