फोन चालूच होता

“आये, एक धवला म्हन गो. रस्ता सरता सरत नाय.”

दिनेशचा हा आवाज सहा वर्षं गुणवंतीच्या कानात मुक्कामाला होता. मच्छीमार नगरात जन्मलेल्या माणसाला समुद्राची गाज वेगळी अशी ऐकू येत नाही आणि कधी थांबतही नाही, तसा. वैशाखातली दुपार होती ती. अलिबागला भाडं सोडून तो रिकाम्या गाडीनं परतत होता. ही ओट्यावर जवळा निवडत बसलेली, बटणांचा फोन पालथ्या घमेल्यावर. तिकडे गाडीत म्हणे तिचा आवाज चारी दारांतून यायचा. “तू मागच्या सीटवर बसलीस असा वाटतं,” तो म्हणायचा.

गुणवंती धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात हळद लागताना, मांडव पडताना, नवरी निघताना जी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते ती. तिचा गळा लागल्याशिवाय हळद रंगत नाही, असं सगळी वस्ती मानायची. त्या दुपारी तिनं डोळे मिटले आणि नेहमीचा धवला धरला:

हलदीचा पानी गो दर्याशी निंगाला,
नवऱ्याचे बहिनीनं दारान थांबवला…

धवल्याची चाल लांब आणि संथ. भरतीच्या पाण्यासारखी पुढे येते, मागे जाते, पुन्हा तिथंच येते. सहाव्या-सातव्या कडव्याला पलीकडून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. पेणच्या वाटेवर गाड्या अडकल्या असतील, म्हणून तिनं आवाज थोडा चढवला. हॉर्न थांबेना, हिचं गाणंही थांबेना. सगळी कडवी झाल्यावर तिनं डोळे उघडले नि विचारलं, “झाला रं. दुपारचा काय खाल्लंस का?”

हॉर्नच वाजत राहिला. मग दुरून कुणा परक्या माणसाचा आवाज आला, “अरे, याचा फोन चालूच आहे बघ!”

गुणवंतीनं फोन बंद केला. तेराव्याच्या आधी एका पहाटे तो धक्क्यावरून पाण्यात सोडला आणि घरी सांगितलं, हातातून निसटला.

“आजी, कुठे हरवलीस? बेल्ट लाव ना.”

गुणवंतीची नात, पूर्वी, गाडीच्या खिडकीत वाकली होती. दिनेशची पोर, बँकेत नोकरीला, येत्या मार्गशीर्षात लग्न. मागच्या सीटवर थर्माकोलच्या पेट्या रचलेल्या होत्या. पापलेट, सुरमई, सोललेली कोलंबी, वर बर्फ. किर्ती, गुणवंतीची सून, एकेक झाकण दाबून बघत होती. दिनेश गेल्यावर वर्षभरात ती गाडी चालवायला शिकली. आता गिरगावापासून दादरपर्यंत पंचवीस-तीस घरांत तिची मासळी घरपोच जायची. आज मासळी वाटून झाल्यावर दोघी हिंदमाताला जाणार होत्या, हळदीच्या साड्या बघायला. म्हणून म्हातारी सोबत.

“मम्मी, हे बघ.” पूर्वीनं रेडिओच्या जागी बसवलेल्या काळ्या चौकटीवर टिचकी मारली. “हँड्सफ्री. काल लावून घेतलं. फोन आला की दोन रिंगनंतर आपोआप उचलतं. तू नुसतं बोलायचं.”

किर्तीचा हात झाकणावर तसाच राहिला. “काढ ते.”

“काय काढ? गिऱ्हाईकं तुटतायत मम्मी! फोन आला की तू गाडी बाजूला लावणार, मग ड्रॉवरमधून फोन काढणार, मग उलट फोन करणार. तोपर्यंत त्यांनी दुसरीकडून मासळी घेतली, शिजवली, खाल्ली पण.”

“खाऊ देत. गाडीत मला फोन नको म्हणजे नको.”

“अगं, हात लावायचाच नाहीये! म्हणून तर आणलं.” पूर्वीनं आजीकडे पाहिलं. “तू तरी सांग हिला.”

“मी काय सांगू?” गुणवंती म्हणाली. “मना तर बेल्ट पन लागत नाय.”

पूर्वी हसली. बेल्ट लावून देताना तिनं आजीच्या गालाला गाल लावला. “आणि तुझा निर्णय पण सांग. सासरकडचे परत विचारत होते. हळदीला धवलारीण बाहेरनं आणायची का?”

“गला गेला माझा. कितीदा सांगू?”

“डॉक्टरनं बॅटरी मारून बघितला ना गळा? काय बोलला? एकदम फर्स्ट क्लास.”

“डॉक्टरला काय कलतंय धवल्यातला?”

“बरं बाई.” पूर्वी मागे झाली. पण जाता जाता, अगदी हळू, लहानपणी चॉकलेट मागायची त्या आवाजात म्हणाली, “मला तुझाच पाहिजे होता, आजी.”

गाडी कफ परेडमधून बाहेर पडली. मरीन ड्राइव्हला ऊन पाण्यावर सांडलं होतं. किर्ती गाडी चालवायची ती परीक्षेला बसल्यासारखी. मान ताठ, नजर समोर, ओठ मिटलेले. गुणवंती तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होती. लग्न होऊन आली तेव्हा हिचं तोंड मिटायचं नाही. बोंबील सुकवायच्या वलांडीखाली उभी राहून अशी हसायची, की वरचे कावळे उडायचे. आता गाडीत बसली की मुकी.

का मुकी, ते गुणवंतीला ठाऊक होतं. दहाव्याला, पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा किर्ती सगळ्यांसमोर फुटली होती. ‘मी मारलं त्यांना! सात वेळा फोन केला मी. बिझी लागत होता तरी करत राहिले!’ पंचनाम्यात डुलकी लागली असं लिहिलं होतं. किर्ती ते मानायची नाही. पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्याला भरदुपारी डुलकी कशी लागेल? फोन टुंग टुंग करत राहिला, त्यांनी खाली बघितलं, आणि समोर उभा ट्रेलर. तिचा हिशेब पक्का होता. दिनेशचा फोन त्या गर्दीत कुणी उचलून नेला, तो सापडलाच नाही. म्हणून दुसऱ्या टोकाला कोण होतं हेही कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी गुणवंतीनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कावळा शिवला. सगळ्या बाया एकदम रडल्या आणि शब्द मागे फिरला. मग महिन्याला सांगू म्हणाली. मग वर्षश्राद्धाला. दर वेळी समोर किर्तीच असायची, ताटात वाढणारी, गुडघ्याला तेल चोळणारी, स्वतःचा डबा न्यायला विसरून हिच्या गोळ्या उशाशी ठेवणारी. सांगितलं आणि ती पोरीला घेऊन माहेरी गेली तर? एवढ्या एका भयापायी म्हातारी सहा वर्षं गप्प होती. लोकांना वाटायचं, मुलाच्या दुःखानं गळा मिटला. तिला रात्रंदिवस एकच दिसायचं: तुटलेल्या काचा, मान टाकलेला लेक, आणि चारी दारांतून त्याच्या अंगावर पडत राहिलेलं आपलं गाणं.

चौपाटी मागे टाकून गाडी गिरगावाकडे वळली, आणि गाडीभर फोन वाजला.

एकदा. दोनदा. किर्तीनं चौकटीवर बोटं आपटली, पण कुठलं बटण काय ते तिला कुठे ठाऊक?

“हॅलो? किर्ती गं?” चारी दारांतून आवाज उसळला. “अगं, मी कमळाबाई! गायवाडीतून! आज ते पापलेट नको हो आणूस. संकष्टी आहे, आणि मी मेली विसरूनच गेले. सुनेनं कॅलेंडर दाखवलं तेव्हा कळलं. नशीब, तू आली नव्हतीस ते! हॅलो? ऐकत्येस ना? किर्ती?”

किर्ती ऐकत नव्हती. तिचे डोळे चौकटीवर खिळले होते, आणि समोरची टॅक्सी उभी राहिली होती.

“किर्ते!” गुणवंती किंचाळली.

ब्रेक लागला. पेट्या पुढे सरकल्या, बर्फ सांडला. टॅक्सीच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर अंतर राहिलं. मागून हॉर्न सुरू झाले. एक टेम्पोवाला बाजूनं जाताना ओरडला, “ओ ताई, गाडी काय प्रदर्शनात लावली काय?”

“हॅलो? काय झालं गं? कोण ओरडलं?” कमळाबाई विचारत होत्या. “बाई, आवाज येतोय का माझा?”

किर्तीनं कशीबशी गाडी फुटपाथला लावली. फोन आपोआप बंद झाला. तरी ती चौकटीच्या कडेला नखं घालून ओढत होती, उखडून काढायला. नख तुटलं, रक्त आलं.

“अगो, सोड. बोट बघ तुझं.”

“बघितलंत ना, आई? बघितलंत?” किर्तीचा आवाज चिरकला. “हात नाही लागला तरी मन जातं! डोळे जातात! मी पण गेले होते आता तिकडेच. तशीच मी त्यांना… सात वेळा! एकदा नाही, दोनदा नाही.”

“किर्ती…”

“आणि कशासाठी केला फोन, सांगू? आज सांगतेच. काम काय नव्हतं. रॉकेल नव्हतं संपलं, पोर नव्हती पडली. बिझी लागला ना, म्हणून. वीस-वीस मिनिटं कुणाशी बोलतो हा माणूस? मला तर घरी दोन वाक्यं. मत्सर, आई. जळत होते मी. आली असेल कुणी, म्हटलं, रोज बंदराच्या पलीकडे भाडी नेतोय. तिला कळू दे, याला बायको आहे म्हणून. म्हणून वाजवत राहिले.” तिनं पदरानं बोट गच्च आवळलं. पदरावर लाल ठिपका पसरला. “सहा वर्षं झाली. कधी कधी झोपेत पण तेच विचारते त्यांना. कोण होती? एकदा सांगा. मी काय नाही बोलणार. जी कोण असेल, तिच्या जवळ तरी त्यांचं शेवटचं काहीतरी असेल. माझ्याकडे काय आहे? बिझीची रेकॉर्ड.”

बर्फाचं पाणी गुणवंतीच्या पायाशी येत होतं. बाहेर शाळेची बस उभी राहिली, मुलं ओरडत उतरली, बस गेली. म्हातारीनं बेल्टचं बटण शोधलं. सापडेना. तशीच, बेल्टात अडकलेली, ती सुनेकडे वळली.

“ती मी,” गुणवंती म्हणाली.

“काय?”

“दिनेशच्या फोनवर. मी होते गो.”

किर्ती तिच्याकडे बघत राहिली. राग यावा, रडू यावं, यातलं काहीच अजून तिच्या तोंडावर पोचलं नव्हतं.

“त्यानंच लावला होता. म्हन म्हनाला. मी म्हनत होते.” गुणवंती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सहा वर्षं गेली असती. “तुझा फोन आला तसा मधे टुंग वाजला. पयला वाजला तसा हसला. म्हनाला, ‘किर्ती हाय. रागावली असंल. वाजू दे. संध्याकाली तिच्यासाठी अलिबागचा पांढरा कांदा नेतोय, मंग गप होईल.’ मागनं मी सोता ऐकत होते टुंग टुंग, पन तो काय बोलला नाय. फोनला हात लावला नाय त्यानं. पोरी, तुझ्या फोननं काय झाला नाय.”

“मग?” किर्तीनं विचारलं.

“तो लहान होता ना, दर्यावर वारा सुटला का भ्यायचा. त्याला झोप यायची नाय. मंग मी मांडीवर घेऊन हाच धवला म्हनायची. चौथ्या-पाचव्या कडव्याला मान पडायची त्याची. मना ठावं होता गो. दुसरा कायतरी म्हनायला पायजे होता, नाचाचा, हसायचा. मी तोच धरला. डोले मिटून.” तिनं सुनेच्या रक्ताळलेल्या पदराला हात घातला, पण धरला नाही, नुसता टेकवला. “तू नाय मारलास त्याला, किर्ती. मी निजवला.”