म्हातारीची घंटा

थोरली आणि धाकटा, या बहीणभावांत विस्तव जात नव्हता. एकाच छपराखाली दोन चुली, आणि एकाच मेंढवाड्यात मधोमध फळ्यांची आडभिंत. धाकटा अंगणात आला की थोरलीचा कुत्रासुद्धा उगाच गुरगुरायचा. त्याला कुणी शिकवलं होतं, हे सांगायला नको.

धाकटा बरीच वर्षं शहरात ट्रक चालवत होता. बाबा अंथरुणाला खिळले तसा बायकोला घेऊन परत आला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बसला. बाबांनी पडल्या पडल्या वाटणी केली. खालचं कुरण धाकट्याला, वरचा डोंगर थोरलीला. मेंढ्या निम्म्या-निम्म्या, पण निवड आधी धाकट्याने करायची. का, तर तो मुलगा. इतकी वर्षं मेंढ्यांमागे जिवाचं रान केलं ते थोरलीने, आणि निवडायला हा.

त्याने तरण्याताठ्या, दाट लोकरीच्या तेवढ्या वेचून घेतल्या. थोरलीच्या वाट्याला दात पडलेल्या उरल्या.

"घे, तुझा वृद्धाश्रम," तो म्हणाला.

"नकटी तेवढी ठेव माझ्याकडे," थोरली म्हणाली. आयुष्यात त्याच्याकडे मागितलेली ही तिची पहिली गोष्ट. "बाटलीने दूध पाजून वाढवलंय रे तिला."

"का? तुझं नाव कोरलंय तिच्यावर?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकटी ही म्हातारीची लेक. म्हातारी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी मेंढी. तिच्या गळ्यात पितळी घंटा असायची आणि डोंगरावरची प्रत्येक वाट तिच्या पायात होती. तिला मात्र धाकट्याने हात लावला नव्हता. तिचे पुढचे दात गेले होते ना!

थंडी सरली, वळवाच्या सरींनी नवं गवत आलं तेव्हा त्याला आपली चूक कळली. सकाळी थोरलीने फाटक उघडलं, म्हातारी घंटा वाजवत डोंगराला लागली आणि खालच्या कुरणातून धाकट्याच्या मेंढ्या दगडी बांधावरून टणाटण उड्या मारत तिच्या मागे निघाल्या. कोकरू असल्यापासून आईमागे डोंगर चढलेल्या त्या. वाटणी बाबांनी केली होती, मेंढ्यांना कुणी विचारलं होतं?

"बोलावतेस तू त्यांना!" धाकटा खालून ओरडला.

"हो, चहाला!" थोरली वरून ओरडली.

मग रोजचंच झालं. तो शिव्या देत वर यायचा आणि मेंढ्या ओढत खाली न्यायचा. लोकर कातरायच्या दिवसांत दोघं एकाच छपराखाली पाठीला पाठ लावून बसली. त्याची बायको मेंढी धरायला घाबरायची, त्यामुळे त्याने कातरलेली लोकर उंदराने कुरतडल्यासारखी निघाली. थोरली ते बघून मनापासून सुखावली. पावसात खालचं कुरण चिखलाने भरलं आणि त्याच्या मेंढ्यांचे खूर सडायला लागले. त्या लंगडत वर यायच्या, तेव्हा थोरली गुपचूप नकटीचे खूर साफ करून औषध लावायची. येतील, सगळ्या माझ्याकडेच येतील, असं ती तिच्या कानाशी पुटपुटायची. वर्षभर तिला एवढीच एक आस होती.

पाऊस संपला आणि धाकट्याने फाटकाशी उभं राहून सांगून टाकलं, "आता एकदा जरी बांध ओलांडला ना, तर सगळ्या खाटकाला देईन. नकटीला पहिली."

"माझ्या सगळ्या ने आणि ती एकटी दे."

"तुला हवी आहे ना? म्हणूनच नाही देणार."

डोकं चालवलं ते त्याच्या बायकोने. मेंढ्या जातात त्या घंटेमागे. मग घंटाच आपल्याकडे असली तर? धाकट्याला ते फार पटलं.

घंटा बांधायची या घरची एक रीत होती. मेंढी कोकरू असतानाच बांधायची, आणि आतल्या लोलकाला लोकर गुंडाळून ठेवायची. ती रोज थोडी थोडी कमी करायची, म्हणजे आवाज हळूहळू वाढतो आणि जनावर बुजत नाही. बाबांनी म्हातारीला असंच तयार केलं होतं. तेव्हा धाकटा शहरात हॉर्न वाजवत होता.

एका सकाळी दाट धुकं उतरलं. थोरली मेंढवाड्यात आली तर म्हातारीचा गळा मोकळा. फळ्यांच्या पलीकडची बाजू रिकामी, धाकट्याने मेंढ्या केव्हाच बाहेर काढलेल्या. तेवढ्यात बांधापलीकडून घंटेचा आवाज आला, नुसताच इकडून तिकडे धडपडणारा. मग धाकट्याचा आवाज आला, "थांब गं नकटे! चल, हो पुढे!"

थोरलीला सगळं समजलं. अरे, काढ ती, बुजेल, असं एकदा ओरडलं असतं तरी पुरे होतं. धाकटा हाकेच्या अंतरावर होता. ती फाटकाला हात लावून मूग गिळून उभी राहिली. फजिती होऊ दे त्याची. बुजल्या तर पळून पळून जातील कुठे? डोंगरावरच येतील, माझ्याकडे.

घंटा पळत सुटली. मागून खुरांचा आवाज उठला. सगळा कळप घंटेमागे निघाला होता, धाकट्याला हवा होता तसाच. पण आवाज डोंगराकडे येईना. तो कुरणाच्या खालच्या टोकाला, दगडाच्या जुन्या खाणीकडे चालला. आता थोरली ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. गळ्यातल्या गोंगाटापासून पळणाऱ्या नकटीला काय ऐकू येणार?

घंटा एकदम थांबली. खुरांचा आवाज मात्र बराच वेळ चालू होता.

धुकं विरलं तेव्हा धाकटा खाणीच्या काठावर डोकं धरून बसला होता. खाली त्याचा सगळा कळप एकावर एक निपचित पडला होता. थोरली खाली उतरली, नकटीच्या गळ्यातली घंटा सोडवली आणि वर आली.

"तू फाटकाशी होतीस," तो म्हणाला. "तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

थोरली त्याला काहीतरी लागेलसं बोलणार होती. वर्षभर साठवलेलं खूप होतं. पण ती तशीच घरी आली. तिने घंटा धुतली, म्हातारीच्या गळ्यात बांधली आणि फाटक उघडलं.

म्हातारी बांधापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मान हलवून तिने घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. पलीकडून उडी मारून कुणीच आलं नाही.