निळ्या फुलांच्या पट्ट्या

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा टाइप करून पुसलं. कारण वाचणारा पहिला माणूस टेम्पो असणार. टेम्पो माझा दोस्त, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो टेम्पोचा बाप. पण काल टेम्पोनं माझ्याकडे जे मागितलं, त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितोय. पाठीवरचा पंप उतरवला की पाच ओळी, जेवणाच्या सुट्टीत दहा, असं.

आम्ही सगळे रोपवाटिकेत कामाला. मी औषध मारतो म्हणून मला फवाऱ्या म्हणतात. तो रोपं पोचवायची गाडी चालवतो म्हणून टेम्पो. त्याचा बाप आमचा मुकादम. आणि माझी वहिनी कलमं बांधते.

कलम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रानटी रोपाचं डोकं उडवायचं. मधोमध खाच पाडायची. चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या खाचेत बसवायची. मग वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची, अशी की आत वारा जाता कामा नये. आत वारा गेला की सांधा वाळला. सांधा वाळला की काडी गेली. खाच पाडते चष्मेवाली मावशी, पट्टी बांधते वहिनी. वहिनीच्या हातची शंभरातली पंच्याण्णव जगतात. हे मी दीर म्हणून सांगत नाही, वाटिकेत कुणालाही विचारा.

पोर झाल्यावर वहिनी तीन महिन्यांनी कामावर आली. पोरीला घरात ठमी म्हणतात. दादा तिकडे लांब खडीच्या खाणीवर, आई दम्यानं बेजार, मग ठमीला सांभाळणार कोण? वहिनीनं घरातली एक जुनी चादर उभी फाडली. पांढऱ्यावर निळी फुलं, धुऊन धुऊन मऊ झालेली. दोन तुकडे जोडून लांबलचक पट्टा शिवला. त्याचा मध्य पोटावर धरायचा, टोकं पाठीवर एकमेकांवरून नेऊन खांद्यांवरून पुढं घ्यायची, पोरीला छातीशी घ्यायचं, टोकं तिच्या ढुंगणाखालून फिरवून मागं गाठ मारायची. पोरगी बेडकासारखी पाय मुडपून चिकटून बसायची. दोन्ही हात मोकळे.

भूक लागली की वहिनी गाठ थोडी सैल करायची, ठमीला वीतभर खाली सरकवायची आणि पट्ट्याची कड तिच्या डोक्यावर ओढायची. बास. रोपांच्या रांगेत वहिनीचे हात चालू, आतून चुटुकचुटुक चालू. बघणाऱ्याला वाटेल पोरगी झोपलीय. पिऊन झालं की परत वर उचलून आवळायचं, हनुवटी छातीवर पडू द्यायची नाही, नाक मोकळं. दर दोन पट्ट्यांमागे वहिनी मान खाली घालून बघायचीच.

चष्मेवाली म्हणायची, "अगं, तू तर पोरीचंच कलम बांधलंस."

"धरलंय का बघा मावशी," वहिनी म्हणायची, आणि रांगेतल्या अकराच्या अकरा बायका हसायच्या.

मुकादमाला हे हसणं खुपायचं. हा माणूस आधी कुठल्यातरी गोदामात पोती मोजायचा. आयुष्यात त्यानं एक कलम बांधलेलं नाही. माणसं मोजायची, आवाज चढवायचा, झालं.

"हे काय सोंग?" एकदा त्यानं विचारलं.

"पोरगी आहे मुकादम," वहिनी म्हणाली.

"ते दिसतंय मला. गिऱ्हाईक येतं इथं, लाज आहे की नाही?"

"गिऱ्हाईकाला काय दिसलं? तुम्हाला काय दिसलं? चादरीची फुलं दिसली असतील."

पाठीमागून कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमाचे कान लाल झाले. "उद्यापासून कामावर बोलायचं नाही," तो म्हणाला. "कुणीच. तोंड बंद, हात चालू. सांगितलं तेवढं करायचं, शहाणपण शिकवायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानं सगळ्यांसमोर म्हटलंय, मी पंपाला दट्ट्या मारत तिथंच उभा होतो.

आता पेरूचं. विहिरीजवळ एक म्हातारा पेरू होता, वाटिकेच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी लावलेला. आत लाल, बिया नावाला. खोड किडीनं पोखरलं होतं, एकच फांदी जिवंत. एका वादळात तीही मोडली. मालकीणबाई स्वतः आल्या, म्हणाल्या, "याच्या जेवढ्या काड्या निघतील तेवढ्या आजच्या आज बांधा. हे झाड परत मिळायचं नाही." आणि कोर्टाच्या कामाला म्हणून गेल्या त्या महिनाभर बाहेरच.

बेचाळीस काड्या निघाल्या. चष्मेवालीनं खाचा पाडल्या, काड्या बसवल्या. आणि मुकादमाच्या लक्षात आलं की पट्टीचं रीळ संपलंय. नवीन मागवायचं काम त्याचंच. ऊन डोक्यावर आलेलं, गरम वारा सुटलेला, काड्या कोमेजायला लागल्या. तो इकडे बघ तिकडे बघ करत होता. बाजारात जाऊन यायला दोन तास, आणि गाडी घेऊन टेम्पो सकाळीच गेलेला.

वहिनी तेव्हा ठमीला पाजत होती. हातात काम नव्हतं म्हणून शांत उभी होती, पट्ट्याच्या कडेखाली बोट घालून पोरीचे केस सारखे करत.

मुकादम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "सोड ते."

"काय?"

"कापड. सोड. पट्ट्या करायच्यात."

"पोरगी पितेय मुकादम."

"मग पिऊन झालं म्हण तिला. मालकीणबाईंची काडी वाळतेय आणि तू इथं माय-लेकीचं कौतुक दाखवतेस? सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, पाठीवर पंप घेऊन, खाली बघितलं. हे लिहिताना बोट थांबतंय, पण लिहितो. मी खाली बघितलं.

तिनं गाठ सोडली. ठमीचं तोंड सुटलं, ती किंचाळली. वहिनीची छाती सगळ्यांसमोर उघडी पडली, दूध टपकत होतं. तिनं एका हातानं पोरीला धरलं आणि दुसऱ्या हातानं पदर ओढला. ज्याला लाजेची एवढी काळजी होती त्यानंच ती उघडी पाडली. मुकादमानं कापड झटकलं, चष्मेवालीच्या हातून चाकू घेतला आणि टराटरा पट्ट्या काढल्या. निळ्या फुलांच्या, दोन बोटं रुंद.

"घ्या. बांधा."

सुती कापड. ज्यातून वारा आरपार जातो. ओल पिऊन घेतं आणि उन्हात सुकवून टाकतं.

चष्मेवालीनं तोंड उघडलं. "मुकादम, हे..."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ठमीला तिनं खताच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवलं होतं, पोरगी रडून रडून जांभळी झाली होती, आणि वहिनी चष्मेवालीकडे बघत होती. चष्मेवालीनं तोंड मिटलं.

मग अकरा बायका रांगेत बसल्या आणि बांधायला लागल्या. असं नीट काम मी कधी बघितलं नव्हतं. एकसारखे वेढे, एकसारख्या गाठी. कुणी चकार शब्द काढला नाही. मुकादम फेऱ्या मारत म्हणाला, "बघा, कसं जमतं."

क्रेटमध्ये मुंग्या होत्या. घरी आल्यावर ठमीच्या मांड्यांवर मोजून चौदा फोड निघाले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी पोरीला घरी ठेवून जायला लागली. बाटली ठमीनं तोंडाला लावू दिली नाही, आई चमच्यानं दूध भरवायची, निम्मं बाहेर. तिकडे वहिनीचं दूध गोठलं. छातीत गाठी झाल्या, दगडासारख्या, अंगात ताप. तशी ती रोपं बांधायची. पाण्याच्या टाकीमागे जाऊन पिळून मातीत सोडायची आणि परत येऊन बसायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, मी त्याची स्कूटर विहिरीत ढकलतो."

"गप बसा भाऊजी. स्कूटरनं काय केलंय?"

"मग त्यालाच ढकलतो."

"तेव्हा कुठं होतात?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, मीठ मागावं तसं.

"थांबा," ती म्हणाली. "काडी फुटायला तीन आठवडे लागतात. मरायलाही तेवढेच लागतात."

ती तीन आठवडे मोजत होती, मीही. मुकादम रोज त्या पेरूच्या कुंड्यांना स्वतः पाणी घालायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात काड्या हिरव्या होत्या. दुसऱ्यात सुरकुतल्या. मुकादम म्हणाला, "ऊन फार आहे," आणि वर जाळी बांधली. तिसऱ्यात काळ्या पडल्या. त्यानं पाणी वाढवलं. मेलेल्याला पाणी पाजत होता आणि आम्ही सगळे बघत होतो, आणि खरं सांगतो, मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मालकीणबाई आल्या त्या थेट पेरूकडे. एक काडी चिमटीत धरून त्यांनी हलवली, ती हातात आली. दुसरी हलवली. तिसरी.

"कुणी बांधली?"

"बायकांनी," मुकादम म्हणाला. "मी कितीदा सांगतो, नीट बांधा म्हणून. लक्षच नसतं यांचं. पोरंबाळं घेऊन येतात."

"आणि हे काय आहे?" त्यांनी पट्टी बोटावर घेतली. निळं फूल.

त्यांनी ती आमच्यापुढे धरली.

"मी विचारतेय, हे काय आहे? सुती कापड? कलमाला? कुणाचं आहे हे?"

"माझं," वहिनी म्हणाली. ती उठून उभी राहिली. "माझ्या पोरीला बांधायचं होतं. त्या दिवशी ती त्यात पीत होती. ते माझ्या अंगावरून इथं कसं आलं, ते मुकादमांना विचारा."

मालकीणबाईंनी मुकादमाकडे बघितलं. तो चाचरला. "रीळ संपलं होतं... मला काय माहीत, या बोलल्या नाहीत..."

"का गं?" मालकीणबाई वळल्या. "तुला तर माहीत होतं. इतकी वर्षं बांधतेस. का बोलली नाहीस?"

"कामावर बोलायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही असं सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. मी सांगितलं तेवढं केलं."

"हो," चष्मेवाली म्हणाली. "सांगितलं होतं." मग दुसरी म्हणाली, मग तिसरी. शेवटी मीही म्हणालो. उशिरा, पण म्हणालो.

मुकादम आता शेणखताच्या ढिगावर असतो. पोती भरतो. रांगेतून जाताना कुणी त्याच्याशी बोलत नाही, कामावर बोलायचं नाही ना. वहिनी नवीन पट्टा बांधून येते, पिवळा. ठमी आता त्यातून डोकं काढून खताच्या ढिगाकडे बघते.

इथं गोष्ट संपली असती. पण त्या दिवशी काड्या बेचाळीस होत्या आणि पट्टी बांधली एक्केचाळीस रोपांना. मुकादमानं मोजलं नाही, पोती मोजणारा माणूस असून. एक काडी खाचेतून निघून, ठमीच्या ओल्या लंगोटात गुंडाळून आमच्या घरी आली होती. वहिनीनं अंगात ताप असताना, दुधाच्या पिशवीची पट्टी कापून, ती मागच्या दारी एका रोपावर बांधली. तिला आता सात पानं आहेत.

टेम्पोनं ती काल बघितली. माझ्याकडे आला होता, हात धुवायला मागं गेला, आणि तिथंच उभा राहिला.

"फवाऱ्या, हे त्या पेरूचंच ना?"

"त्याचंच."

"लेका, दे मला. बाबा नेऊन देतील मालकीणबाईंना. म्हणतील, एक वाचवलं होतं. परत रांगेवर घेतील त्यांना. घरी जेवत नाहीत रे ते. कुणाशी बोलत नाहीत."

"वहिनीला विचार."

"तिला कसं विचारू?"

"म्हणजे कळतंय तुला."

"तू दोस्त आहेस ना माझा?"

आहे. म्हणूनच हे लिहिलं, टेम्पो, तुला पाठवायला. आज सकाळी मी वहिनीला विचारलं. ती ठमीला पाजत होती, वर बघितलं नाही, म्हणाली, "त्याच्या बापाला पाय आहेत ना?"

तर हा माझा शब्द. तुझ्या बापानं यायचं. उजेडात, वाटिका सुटल्यावर, सगळ्या बायका रस्त्यावर असताना. हातात नवीन कापड हवं, लांब, मऊ धुतलेलं, फाडलेलं नको. आमच्या दारात उभं राहून वहिनीला विचारायचं, मला नाही, दादाला नाही. ती हो म्हणाली तर ते कलम मी स्वतः मातीसकट काढून तुझ्या गाडीत ठेवीन. ती नाही म्हणाली तर मी तिच्या बाजूला उभा असेन, आणि या वेळी खाली बघणार नाही.