सणासाठी घासलेली रिम

रोसाल्बा सायकल घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली, तशी एवेलिओ मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. वर्षभर हीच बाई गावभर त्याच्या नावाने बोटं मोडत होती. तिची मुलगी मिरेया सायकल-संघाच्या निवडीच्या शर्यतीत उतारावर पुढचा ब्रेक दाबताच चाक हादरून पडली. खांद्याचं हाड मोडलं, संघातली जागा गेली. आता ती डेअरीत दुधाचे कॅन घासते. बोयाका प्रांतातल्या या डोंगरांत सायकल म्हणजे घराची अब्रू. ब्रेक एवेलिओने बसवलेले, म्हणून खापर त्याच्या माथी फुटलं आणि गिऱ्हाईक तुटलं.

"विकायचीय," रोसाल्बा म्हणाली. "ब्रेक थरथरतो म्हणून कुणी घेईना. तुम्हीच बिघडवलात, आता तुम्हीच निस्तरा."

एवेलिओने पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागेपुढे ढकलून पाहिली. हँडलखालचं बेअरिंग घट्ट होतं. चाक फिरवलं, रिम सरळ. ब्रेकची रबरंही त्याने बसवली होती तशीच होती. मग त्याने रिमवरून पांढरं फडकं फिरवलं. कुठे ते कोरडं राहिलं, कुठे मेणचट काळं झालं. म्हणजे रबर एका जागी घसरणार, पुढच्या जागी चावणार.

"रिमला पॉलिश कुणी केलं?"

"मी. गाडीवाल्यांच्या कार्मेनमाऊलीच्या सणाला पाद्री गाड्यांवर तीर्थ शिंपडतात, तिथे मळकी सायकल न्यायची होय? तासभर घासली. दुसऱ्याच दिवशी शर्यत..."

ती स्टुलावर बसली.

या घटकेची एवेलिओने वर्षभर वाट पाहिली होती. बरं वाटलं, नाही असं नाही. पण तिच्याकडे बघवेना. त्याने स्पिरिटने रिम पुसली, रबरं सँडपेपरने घासली, अंगणात एक फेरी मारली. ब्रेक गुमान लागला.

"मिस्त्री, पोरीला सांगू नका," ती म्हणाली. "मला तिच्याशिवाय कोण आहे?"

"आणि माझं नाव?"

ती सायकल घेऊन गेली.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी रोसाल्बाला विचारलं, ब्रेक कुठे दाखवावेत. मिरेया आईचा हात धरून उभी होती आणि एवेलिओ दोन पायऱ्या खाली.

"कुठेही दाखवा," रोसाल्बा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्या एवेलिओकडे तेवढं नेऊ नका."

एवेलिओने एकदा मिरेयाकडे पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली आणि घरची वाट धरली.