साखर कुणी दिली?

"साखर कुणी दिली? पटकन बोला, नाहीतर इथेच तमाशा करीन!"

नर्स दारातून डोकावली. डोकावू दे. शिकाऊ लोकांना गाडी शिकवते मी, दिवसभर "क्लच! क्लच!" ओरडते. मला हळू बोलता येत नाही.

आत ठमी, माझी दोन वर्षांची पोर, धापा टाकत होती. तिच्या अंगात जन्मापासूनच एक खोट आहे, वारशानं आलेली. साखर, पीठ पोटात गेलं की त्याची ताकद होत नाही, लॅक्टिक अ‍ॅसिड होतं आणि रक्तात साचतं. म्हणून तिला तेल, लोणी, तेही मोजूनमापून. हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं हो." म्हणजे मी माहेरून आंदण आणलं! तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

डॉक्टरीणबाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या, "अ‍ॅसिड फार चढलंय. कुणी चुकून गोड दिलं असेल तर लपवू नका, ते उतरवता येईल. पण दिलं नसेल, तर पथ्य पाळूनही आजार वाढतोय."

मग झालं तर! दिलंच असणार कुणीतरी.

"माझ्याकडे काय बघतेस?" नवरा म्हणाला. "मी कामावर होतो."

"तू कायम कामावरच असतोस! पोर काय भाड्यानं आणलीय?"

तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठल्या.

"मी दिलं. सकाळी, तू कामावर गेल्यावर. एक बिस्किट. हट्टच धरला होता तिनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजी आहात की वैरीण? जीव घ्यायचाय का तिचा?" तोंडाला येईल ते बोलले. नवरा डॉक्टरांना सांगायला आत पळाला. एरवी एकाला चार ऐकवणाऱ्या सासूबाई खाली मान घालून नुसत्या ऐकत होत्या.

आणि बोलता बोलता मला रागाच्या भरात विसरलेलं आठवलं. सकाळी मी कामावर गेलेच नव्हते. गाडी गॅरेजमध्ये होती. सासूबाई सकाळीच दाढ काढायला गेल्या होत्या, त्या तिथून थेट इथे आल्या. पोर दिवसभर माझ्याच मांडीवर होती.

"खोटं का बोललात?"

"मी दिलं असेल तर उतरतं ना ते? ती बाईच म्हणाली."

"अहो, असं नसतं!"

"नसू दे. मला शिव्या घाल, घराबाहेर काढ. पण आपोआप होतंय असं म्हणू नकोस गं."

मला इतका संताप आला! त्यांच्यावर, डॉक्टरांवर, त्या मेल्या अ‍ॅसिडवर. भांडायला एक माणूस सापडलं होतं, तेही हातचं गेलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चेहरा जरा मोकळा. "बरं झालं सांगितलंत. मग औषध बदलत नाही. आहे तेच पथ्य चालू ठेवू."

सासूबाईंनी माझं मनगट करकचून धरलं. मी हिसडा देऊन सोडवलं.

"डॉक्टर, ते खरं नाही. दिवसभर तिला मीच भरवलं. गोड कुणीच दिलेलं नाही."

"दिलं!" सासूबाई ओरडल्या. "मी दिलं! हिचं ऐकू नका, मी दिलं!"