हिल्डाचं नाक आणि फर्डिनंडच्या विड्या

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या हिल्डाचं नाक चोंदलं, त्याचं सुख जगात एकाच माणसाला झालं. तो म्हणजे तिचा नवरा फर्डिनंड. छातीत दुखल्यापासून डॉक्टरने त्याची विडी बंद केली होती, आणि पहाऱ्याला हिल्डाचं नाक होतं. सुके बोंबील आतून दमट आहेत का, हे ती टोपलीत नाक खुपसून एका दमात सांगायची. गल्लीतल्या बायका तिला हुंगायला लावल्याशिवाय माल बाजारात नेत नसत. तिथं सदऱ्यातल्या धुराची काय कथा! पण दिवाळीपासून अ‍ॅलर्जीने तिला वास येईनासा झाला आणि फर्डिनंड रोज होडीच्या आडोशाला दुकानदार काळूरामकडच्या विड्या निवांत ओढू लागला.

मग डॉक्टरने नाकात मारायचा स्प्रे दिला. दवाखान्यात हिल्डाच्या शिंकाच थांबेनात, म्हणून तो कसा मारायचा ते सगळं ऐकलं फर्डिनंडने. मान जराशी खाली, नाकातल्या नळीचं टोक कानाच्या दिशेला, श्वास अलगद. आणि बरं वाटो न वाटो, रोज मारायचा. गुण यायला दोन आठवडेही लागतात.

घरी हिल्डाने मान मागे टाकली आणि बोंबील हुंगावा तसा फर्रकन दम ओढला. औषध सगळं घशात.

"कडू जहर हाय रे!"

"औषध कडूच असते," फर्डिनंड गंभीरपणे म्हणाला. पुढे तर ती शिंका आल्या तरच स्प्रे मारायची. त्यावरही हा पठ्ठ्या चूप.

एके दिवशी शेजारची लूर्डस टोपली घेऊन आली. हिल्डाने अब्रू राखायला हुंगल्याचं नाटक केलं आणि "फस्क्लास" म्हणाली. चौथ्या दिवशी मालाला बुरशी आली. लूर्डस भांडली नाही. फक्त पुढची टोपली ती हिल्डाच्या दारावरून दुसरीकडे घेऊन गेली.

हिल्डा उंबऱ्यावर बसून बघत राहिली. डोळे भरून आले. "माजं नाक गेलं, फर्डी. आता मला कोन इचारनार?"

फर्डिनंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने स्प्रे आणला. "मान खाली घाल. डाव्या नाकपुडीला उजवा हात. बोंबील नाय हुंगायचा, मोगरा हुंगायचा."

"तुला कसं म्हाईत?"

"डॉक्टर बोलला. तू शिंकत व्हतीस तवा."

"अन् तू आज सांगतंस?"

 त्या दिवसापासून फर्डिनंड रोज सकाळी स्वतः तिच्या हातात स्प्रे देऊ लागला. विडी मात्र सुटेना. पहारा परत येतोय म्हटल्यावर तो उलट दोन जास्तच ओढू लागला.

सोळाव्या सकाळी तो आडोशाहून तोंडात लवंग चघळत आला. हिल्डा बोंबील वाळवायला वलांडीच्या बांबूंवर टांगत होती. एकदम थबकली.

"लवंग," ती म्हणाली.

फर्डिनंडला इतका आनंद झाला की त्याने तिथूनच हाक मारली, "अगे लूर्डस, टोपली आन! हिल्डाचं नाक आलं!"

"दोन लवंगा," हिल्डा म्हणाली. "अन् त्याच्याखाली विडी."

तिने हात पुढे केला. फर्डिनंडने मुकाट्याने खिशातलं बंडल काढून तिच्या तळहातावर ठेवलं. हिल्डाने ते नाकाशी धरलं, एक दम ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"दमट हायत. काळूरामनं फशिवला तुला."